पार्क स्की बदलल्या की उड्या सुधारतात का? खान्देशातल्या स्कीअरसाठी हिशेब

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची जी पोरं गुलमर्गला किंवा औलीला बेसिक आणि इंटरमीडिएट कोर्स करून येतात, त्यातल्या काहींना उड्यांचा नाद लागतो. मग एप्रिल-मेमध्ये, बाहेर पारा ४४ वर असताना, कूलरसमोर बसून मोबाइलवर नव्या पार्क स्की, म्हणजे उड्या आणि गिरक्यांसाठीच्या स्की, बघणं सुरू होतं. जोडी, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा सांधा), कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरियर धरला की आकडा सहज ७०-८० हजारांच्या पुढे जातो. बर्फावर मात्र वर्षाकाठी दहा-पंधरा दिवसच मिळतात. तेवढ्या दिवसांत नव्या स्कीनं काही फरक पडेल का, हे पैसे मोजण्याआधी तपासता येतं.

बहुतेकांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असंच येतं. उडी बिघडते ती बुटामुळे, बोथट किंवा खरबरीत एजमुळे (स्कीच्या कडेची धातूची पट्टी), कोरड्या बेसमुळे (स्कीचा तळ), नाहीतर किकरच्या (उडीसाठी रचलेल्या बर्फाच्या उंचवट्याच्या) टोकावर आयत्या वेळी मागे रेललेल्या अंगामुळे. नव्या स्कीनं यातलं काहीच सुटत नाही. पण काही ठिकाणी स्कीच आडवी येते आणि तिथं सरावावर कितीही जोर दिला तरी फुकट जातो.

स्की बदलल्यानं खेळ बदलला, असं एकदा खरोखर झालं आहे. पूर्वीच्या स्कीचं मागचं टोक, म्हणजे टेल, सपाट असायचं. पाठमोरं उतरलं की ते बर्फात रुतायचं. १९९८ च्या सुमारास सॅलोमनची ‘१०८०’ बाजारात आली. दोन्ही टोकं वर वळलेली, म्हणजे ट्विन टिप. पाठमोरं उडणं आणि पाठमोरं उतरणं तिथून पुढे रुळलं. स्कीचे स्लोपस्टाइल (उड्या आणि अडथळ्यांची रांग) आणि हाफपाइप (अर्धगोल नळीसारखी घळ) २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये आले, बिग एअर (एकच मोठी उडी) २०२२ मध्ये बीजिंगला. पण तो बदल सपाट टेलकडून ट्विन टिपकडे जाण्याचा होता. हातात बरी ट्विन टिप असताना यंदाचं नवं मॉडेल घेतलं, तर तसलं काही घडत नाही.

अडतं कुठं, ते आधी शोधा

आत्ता ज्या स्की आहेत, स्वतःच्या असोत की भाड्याच्या, त्यावरच सोप्या उतारावर पाच गोष्टी करून बघा. पाठमोरं घसरत, म्हणजे स्विच, न थांबता दहा वळणं. गुडघ्याएवढ्या किकरवरून सरळ उडी, दोन्ही पाय एकदम टेकले पाहिजेत. १८० अंशांची गिरकी, डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही. रुंद बॉक्सवरून, म्हणजे बर्फात बसवलेल्या सपाट पेटीवरून, स्की सरळ आणि बेस सपाट ठेवून पार जाणं. आणि किकरकडे जाताना स्की न घसटता एजवर धरून वळण घेणं. हे शेवटचं लोक सोडून देतात, पण मोठी गिरकी त्या वळणातूनच सुरू होते. ते येत नसेल तर माणूस खांदे फिरवून गिरकी ओढतो आणि हवेत तिरका होतो.

सोबतच्याला बाजूला उभं करून फोनवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करायला सांगा. समोरून काढलेला व्हिडिओ दिसायला झकास, पण त्यातून कळत काहीच नाही. बाजूच्या व्हिडिओत तीन गोष्टी बघा: टोकावर घोटे आणि गुडघे सरळ होऊन उडी निघते की नुसते हात वर फेकले जातात, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आहे की मागे सुटली आहे, उतरताना आधी पायाखालचा भाग टेकतो की टेल. टेल आधी टेकत असेल तर वजन मागे आहे. इथेच सगळे म्हणतात, ‘टेल फार मऊ आहे भो, कडक स्की पाहिजे.’ कडक टेलनं एवढंच होतं की मागे रेललेला माणूस तशाच चुकीच्या अंगानं आणखी दोन उड्या पडता पडता वाचतो.

स्कीच्या आधी बूट

पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर बुटात घाला. भाड्याच्या बुटाचं आतलं अस्तर शेकडो पायांनी दाबून सैल झालेलं असतं. टाच आत उचलते, पाय पुढे-मागे हलतो, आणि स्कीला दिलेला हुकूम क्षणभर उशिरा पोचतो. रेलवर, म्हणजे ज्यावरून घसरत जायचं त्या धातूच्या दांड्यावर, पडायला तेवढा उशीर पुरेसा होतो.

मापाची रीत अशी. भिंतीला टाच लावून उभं राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. स्की बुटाचा नंबर म्हणजे तेच माप. मग बुटातून अस्तर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे अलगद टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक ते दीड सेंटिमीटर चांगलं, दोनपर्यंत चालेल. अडीच झाली तर तो बूट कितीही आरामशीर वाटला तरी मोठाच. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबरावरून दुकानदाराशी वाद घालू नका. पातळ मोजा एकच. दोन जाड मोजे घातले की पाय गरम राहतो ही समजूत आपल्याकडे फार आहे. उलट रक्त अडून बोटं आणखी गार पडतात.

फ्लेक्सचा, म्हणजे बुटाच्या कडकपणाचा, आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा लागतो. ७० किलोच्या माणसाला पार्कसाठी साधारण ९० ते ११० मधला बूट बरा. फार कडक बुटात घोटा वाकत नाही, म्हणजे उतरतानाचा धक्का थेट गुडघ्याला आणि कमरेला. बूट ऑनलाइन मागवू नका. पायात घालून, बकल लावून वीस मिनिटं उभं राहिल्याशिवाय त्याचं काही कळत नाही.

आहे त्याच स्कीचं काम

बॉक्सवर किंवा रेलवर स्की अचानक अडकून तोंडावर आपटी बसत असेल, तर पायाखालच्या एजवर नख फिरवा. नखाचा पातळ पापुद्रा निघाला तर एज धारदार आहे. उतारावर ती हवीच, रेलवर नको. बाइंडिंगच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत आणि दोन्हीकडे आणखी चार-पाच सेंटिमीटर एवढ्याच भागात बारीक कानस हलक्या हातानं फिरवून कोपरा गोल करा, मग रबरी गमी स्टोननं घासा. धातूचे टवके उभे राहिले असतील तर डायमंड स्टोननं आधी ते काढा. कानशीनं काढलेली एज परत येत नाही, म्हणून थोडं काढून एक दिवस चालवून बघा. पूर्ण लांबीला एज गोल केली तर सकाळच्या कडक बर्फावर स्की धरणारच नाही. भाड्याच्या स्कीला हा प्रयोग न विचारता करू नका, डिपॉझिट जाईल.

किकरवरून उडी कमी पडते, माणूस टेबलाच्या, म्हणजे किकर आणि उतरायचा उतार यांच्या मधल्या सपाट भागाच्या, कडेवर आपटतो, आणि दोष स्कीच्या ‘पॉप’ला, म्हणजे उसळीला, देतो. तळ बघा. बेस पांढुरका, कोरडा दिसत असेल तर वॅक्स संपलंय आणि वेगच मिळत नाही. सपाटीवर आपटण्याएवढं वाईट उतरणं दुसरं नाही, तेव्हा हे काम टाळू नये. बेस पुसा. वॅक्सची कांडी इस्त्रीला टेकवून थेंब पाडा आणि इस्त्री टिपकडून टेलकडे सरकवत न्या. तापमान १२० ते १३० अंश. वॅक्समधून धूर निघाला की जास्त झालं. वाफेची भोकं नसलेली जुनी, सपाट तळाची इस्त्री चालते, पण मग ती कपड्यांना परत वापरायची नाही. इस्त्री एका जागी थांबवली तर बेस जळतो. अर्धा तास गार होऊ द्या, प्लास्टिकच्या पट्टीनं सगळं खरवडा, नायलॉनच्या ब्रशनं घासा. वर जाड थर ठेवला की स्की जास्त पळते असं वाटतं, पण तो थर उलट ओढतो.

बाइंडिंगचा प्रश्न नाजूक आहे. उतरताना बूट सुटला की लोक स्क्रूड्रायव्हर काढून डिनचा, म्हणजे किती जोर आला की बाइंडिंग बूट सोडेल याचा, आकडा वाढवतात. पण अवेळी सुटण्याचं कारण पुष्कळदा वेगळं असतं: मागच्या भागाचा पुढे लागणारा दाब बुटाच्या लांबीप्रमाणे बसवलेला नसतो, नाहीतर बुटाचा तळ झिजलेला, नाहीतर बुटाखाली बर्फाचा गोळा. डिन ठरतो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांच्या तक्त्यावरून. मित्राचा आकडा स्वतःला लावणं म्हणजे गुडघ्याचा लिगामेंट पणाला लावणं. ग्रिपवॉक तळाचा, म्हणजे चालायला सोपं जावं म्हणून बाक दिलेल्या रबरी तळाचा, बूट जुन्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये खटकन बसल्यासारखा वाटतो, पण सुटताना नीट सुटेल याचा भरवसा नसतो.

आणि एक फुकटचं मोजमाप. स्कीच्या टेलपासून टिपपर्यंत सरळ टेप धरा, मध्य काढा, आणि बुटाच्या बाजूला असलेली मध्यरेषा त्याच्या किती मागे येते ते बघा. साध्या उताराच्या स्कीवर ती सहा ते दहा सेंटिमीटर मागे असते. पार्क स्कीवर शून्य ते तीन. आठ सेंटिमीटर मागे बसवलेल्या स्कीवर गिरकी मारली की पुढचा भाग जड लागतो आणि पाठमोरं उतरल्यावर पाठीमागे लांबलचक टिप येते. भाड्याच्या बऱ्याच स्कीवर पट्टीवर सरकणारं बाइंडिंग असतं. ते दोन सेंटिमीटर पुढे घ्यायला सांगा आणि अर्धा दिवस खेळा. गिरकी हलकी झाली, तर तुमचं दुखणं मॉडेलमध्ये नव्हतं, बाइंडिंगच्या जागेत होतं. दुकानातून निघण्याआधी पुढचा दाब पुन्हा तपासून घ्या, सरकवल्यावर तो बदलतो.

स्की खरंच आडवी कधी येते

सपाट टेल असेल तेव्हा, हे वर आलंच. लांबी फार चुकलेली असेल तेव्हा: १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला रेल-बॉक्ससाठी १६३ ते १६७ आणि उड्यांसाठी १६८ ते १७२ जमतात, त्याच्या पायात १५० ची स्की असेल तर उतरताना मागे टेकायला काही राहतच नाही. कडकपणा वजनाशी जुळत नसेल तेव्हा. ५५ किलोच्या मुलाकडून कडक स्की वाकत नाही, त्यामुळे टेलवर वजन टाकून फिरायचं, म्हणजे बटर, त्याला जमणारच नाही. आणि ८५ किलोचा माणूस लोण्यासारख्या मऊ स्कीवर मोठ्या किकरवरून उतरला की टेल खालून निघून जाते. वाढत्या वयाच्या मुलाला ‘दोन वर्षं चालेल’ म्हणून लांब स्की घेणं हाही त्यातलाच प्रकार. कपड्यांना चालतं ते इथं चालत नाही.

चौथं कारण म्हणजे स्की मेलेली असणं. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना लावा. मध्ये फट दिसली पाहिजे. तो कॅम्बर, आणि उडीतला उसळा बराचसा त्यातून येतो. मूळचा कॅम्बर असलेल्या स्कीत ही फट जवळपास गेली असेल, किंवा एकीत आहे आणि दुसरीत नाही, तर स्की थकली. टोकाशी थर सुटलेत का, नखानं उचकटून बघा. पायाखालच्या एजला बारीक तडा असणं रेल खेळणाऱ्याच्या स्कीवर नेहमीचंच, त्याला घाबरू नका. पण एज बाहेर आली असेल किंवा तिथून पाणी आत गेलं असेल, तर तिचा निरोप घ्या. जुनी जोडी विकत घेतानाही हेच बघायचं, वर बाइंडिंगच्या भोकांचे किती संच पडलेत ते मोजायचं. नवं भोक जुन्यापासून किमान एक सेंटिमीटर दूर हवं, म्हणजे तीनदा भोकं पाडलेल्या स्कीत जागा उरत नाही.

अर्ध्या दिवसाची चाचणी

विकत घेण्याआधी तशी स्की भाड्यानं किंवा उसनी मिळवा. गुलमर्गला ट्विन टिप मिळते, दुबईला नातेवाईक असतील तर स्की दुबईच्या आत भाड्याच्या फेऱ्यांत हेच करता येतं. तिथं बर्फ दिवसभर जवळपास सारखाच राहतो, हा चाचणीसाठी मोठाच फायदा.

पद्धत साधी आहे, फक्त क्रम मोडायचा नाही. एकच उतार, एकच किकर, एकच युक्ती. समजा उजवीकडून १८०. आधी जुन्या स्कीवर आठ उड्या. मग नव्यावर तीन उड्या मोजायच्याच नाहीत, पाय बसायला दिलेल्या, आणि नंतर आठ मोजलेल्या. मग पुन्हा जुन्या स्की पायात घालून आठ. दोन्ही पाय एकदम टेकले, हात बर्फाला लागला नाही आणि पुढची दोन वळणं सरळ निघाली, तरच उडी ‘साफ’ धरा. मोजणारा दुसरा माणूस हवा. स्वतःच्या उड्या सगळ्यांना साफच वाटतात.

शेवटचा फेरा बहुतेक जण गाळतात, आणि सगळा निकाल त्यातच असतो. नव्यावर आठपैकी सहा साफ, आधी जुन्यावर तीन होत्या. इथंच थांबलात तर कार्ड स्वाइप होणार. पण परत जुन्यावर आल्यावरही सहा निघाल्या, तर सुधारणा सरावाची होती. परत तीनवर घसरलात तरच श्रेय स्कीचं. बर्फ दुपारनंतर मऊ होतो, म्हणून तिन्ही फेरे दोन तासांच्या आत उरका. पाय थरथरायला लागले की मोजणी बंद करा.

घ्यायचीच ठरली तर

परदेशी व्हिडिओ बघून ८५ मिमी कमरेची (कंबर म्हणजे पायाखालची रुंदी), बरोबर मध्यावर बाइंडिंग असलेली अस्सल पार्क स्की मागवणं ही आपल्याकडच्यांची सर्वांत महागडी चूक. ती स्की रोज नांगरून सपाट केलेल्या पार्कसाठी बनते. आपण जातो गुलमर्गला. तिथं गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर साधारण ३,९५० मीटरला सोडतो आणि खाली मांडीएवढा ताजा बर्फ असतो. मध्यावर बसवलेल्या अरुंद स्कीच्या टिपा त्यात बुडतात आणि माणूस कोलांटी खातो. घडवलेल्या किकरपेक्षा हातानं फावड्यानं रचलेला किकर मिळण्याची शक्यताच जास्त, आणि त्यापुढचं उतरणंही मऊ बर्फावर. म्हणून एकच जोडी घ्यायची तर ९५ ते १०० मिमी कमरेची, दोन्ही टोकांना थोडा रॉकर (वर उचललेला बाक) आणि पायाखाली कॅम्बर असलेली, मध्यम कडकपणाची ट्विन टिप घ्या आणि बाइंडिंग मध्यापासून दोन ते चार सेंटिमीटर मागे बसवा. रेलवर ती जराशी जड लागेल. लागू द्या.

बाइंडिंगच्या ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेएवढी किंवा १५ मिमीपर्यंत जास्त असावी. त्याहून रुंद ब्रेक वळताना बर्फात घासतो. बाइंडिंग बसवायला गावातल्या सुताराकडे जाऊ नका, हात कितीही बसलेला असो. कोणतं ड्रिल लागतं ते स्कीवरच छापलेलं असतं, बहुधा ३.५ किंवा ४.१ मिमी, खोली ९ मिमी. आत धातूचा पत्रा असला तर जाड ड्रिल लागतं. साच्याशिवाय भोकं अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी बाइंडिंग तिरकं बसतं, आणि खोलीला लगाम लावला नाही तर ड्रिल थेट बेसमधून बाहेर येतं. काम गुलमर्ग-मनालीच्या दुकानात किंवा जिथून स्की घेतली तिथूनच करून घ्या, स्वतःचा बूट सोबत देऊन.

चाचणीत स्की निर्दोष ठरली आणि पैसे वाचले, तर ईएन १०७७ या युरोपीय मानकाचा शिक्का असलेलं हेल्मेट, पाठीचा प्रोटेक्टर आणि प्रशिक्षकासोबतचे चार जादा दिवस या क्रमानं खर्च करा. उरलेलं वर्षही वाया घालवायचं नाही. शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर इनलाइन स्केट्सवर दोन्ही खांद्यांवरून मागे बघत उलटं चालवलं, की स्विचमध्ये मान वळवण्याची भीती जाते. गिरकीचा अंदाज ट्रॅम्पोलिनवर येतो, पण तो शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली.

खान्देशातल्या उन्हाळ्यात स्की ठेवणं

पत्र्याखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा. मे महिन्यात तिथली धग बेस वाळवते आणि चिकटवलेल्या थरांवर ताण आणते. मार्चमध्ये परत आल्यावर स्की पुसून कोरडी करा, एजवरचा गंज घासून काढा, मग वॅक्सचा जाड थर बेसवर आणि एजवर चढवून तो न खरवडता तसाच ठेवा. आतल्या थंड खोलीत, दिवाणाखाली, आडवी. दोन्ही स्की पट्ट्यानं करकचून आवळू नका, कॅम्बर दबतो. पावसाळ्यात जुलैच्या आसपास एकदा काढून एज बघा. बुटांची बकलं सैलसर लावून ठेवा, म्हणजे कवचाचा आकार राहतो, आणि आत पाय घालायच्या जागी जाळी नाहीतर जाड कापडाचा बोळा कोंबा: धान्य साठवलेल्या घरात उंदराला बुटाचं अस्तर फार आवडतं.

डिसेंबरमध्ये झेलम एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी थर खरवडा, बाइंडिंगचे स्क्रू हातानं तपासा, बूट घालून पुढचा दाब बघा आणि डिनचा आकडा नव्या वजनाप्रमाणे पुन्हा लावून घ्यायची नोंद करा. दिवाळी मध्ये येऊन गेलेली असते.